श्रवणयंत्राची साडेसहा वर्षे

जुलै 2024 च्या दुसऱ्या आठवड्यात, दादरला सलग तीन दिवस पाऊस लागलेला असताना, माझ्या उजव्या कानातील श्रवणयंत्र सकाळी लावल्यावर जेमतेम दहा मिनिटे चालले आणि बंद पडले. सेल बदलला, पुसून पुन्हा लावला, तरी तेच झाले. डाव्या यंत्रातून आवाज येत होता, परंतु तो मध्येच खरखरत होता आणि मध्येच विझल्यासारखा बारीक होत होता. ही जोडी मी डिसेंबर 2017 मध्ये घेतली होती, म्हणजे तिला साडेसहा वर्षे पूर्ण झाली होती. तिची दुरुस्ती करावी की नवी जोडी घ्यावी, हे ठरवण्यासाठी पुढचे दोन महिने मी जे केले आणि त्याआधी या पहिल्या जोडीच्या निमित्ताने मला स्वतःच्या कानांविषयी जे समजले, ते येथे लिहीत आहे. "कानाचे मशीन किती वर्षे टिकते हो?" हा प्रश्न आमच्या इमारतीतील बहुतेक ज्येष्ठांनी मला केव्हा ना केव्हा विचारलेला आहे, आणि जिन्यात उभ्या उभ्या त्याचे पुरते उत्तर देणे मला कधीच जमलेले नाही.

मी 35 वर्षे मुद्रितशोधक म्हणून काम केले. 1979 मध्ये गिरगावातील एका छापखान्यात मी नोकरीला लागले, तेव्हा प्रुफे तपासण्याचे काम जोडीने चालत असे. कॉपी होल्डर मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचत असे आणि मी प्रुफावर नजर ठेवून ऐकत असे. तो केवळ शब्द वाचत नसे, तर 'पहिली वेलांटी', 'दुसरा उकार', 'स्वल्पविराम', 'पोटफोड्या ष' असे सगळेच उच्चारत असे, आणि शेजारच्या खोलीत यंत्रे चालू असतानाही त्याचा 'श' आणि 'स' मला वेगवेगळा ऐकू येई. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे माझ्या कानांनी नेमकी हीच अक्षरे आधी सोडली.

सुरुवात 2015 च्या सुमारास झाली असावी. निश्चित तारीख सांगता येत नाही, कारण ऐकू येणे कमी होते आहे हे ज्याचे कमी होते त्याला सर्वांत शेवटी कळते. मला वाटत असे की हल्ली माणसे पुटपुटतात. बाजारात भाजीवाली "साठ" म्हणे आणि मी सात रुपये काढून पुढे करी. फोनवर नावे कळेनाशी झाली. सर्वांत जास्त लागले ते नातीचे बोलणे. ती त्या वेळी चार वर्षांची होती, तिचा आवाज बारीक होता, आणि ती काही सांगू लागली की मला तिचा सूर ऐकू येई, पण शब्द हाती लागत नसत. मी नुसतीच हसून मान डोलवत असे. एकदा तिने आईला विचारले, "आजी उत्तर का देत नाही?" हे मला सुनेने खूप दिवसांनी सांगितले.

घरात आणखी एक गोष्ट घडत होती आणि तिच्यावरून वादही होत होते. मुलगा काही बोलला की मी म्हणे, "जरा मोठ्याने बोल." तो आवाज चढवून बोलला की मी म्हणे, "ओरडतोस कशाला?" त्याला हा माझा लहरीपणा वाटे. तो लहरीपणा नव्हता, कानाच्या रचनेतच त्याचे कारण होते, हे आम्हा दोघांनाही पुढे दोन वर्षांनी समजले. ते वेळीच समजले असते तर त्या दोन वर्षांतले अनेक कडू प्रसंग टळले असते.

पहिला प्रयत्न फसला, तोही सांगितला पाहिजे. 2017 च्या मे महिन्यात मी एका दुकानात गेले. रस्त्याकडेच्या काचेच्या दाराआत, बाहेर बसचे हॉर्न वाजत असताना, तेथील विक्रेत्याने माझ्या कानांवर हेडफोन ठेवून पाच मिनिटांत तपासणी उरकली आणि कानाच्या नळीत पूर्ण लपणारे एक चिमुकले यंत्र पुढे ठेवले. "कोणाला दिसणारसुद्धा नाही, काकू," असे तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. मी एकाच कानासाठी ते घेतले. ते लावले की माझा स्वतःचा आवाज मला हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखा येई, ताटल्यांचा आवाज डोक्यात घुसे आणि नातीचे शब्द मात्र होते तसेच अस्पष्ट राहत. दहा दिवसांनी मी ते परत करायला गेले, तेव्हा निम्मेच पैसे मिळाले. त्यानंतर चार महिने मी काहीच केले नाही.

ऑक्टोबरमध्ये वहिनींच्या आग्रहाने मी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेले, आणि खरे म्हणजे सुरुवात तेथूनच व्हायला हवी होती. त्यांनी आधी कानातील मळ काढला, पडदा पाहिला आणि पूर्ण श्रवणचाचणी करून घ्यायला सांगितले. ती चाचणी मी वांद्रे रेक्लमेशन येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत करून घेतली. वाणी आणि श्रवण या विषयांसाठी ही केंद्र सरकारची संस्था 1983 पासून मुंबईत आहे, आणि मी जन्मभर या शहरात राहूनही तिचे नाव तोपर्यंत ऐकले नव्हते.

चाचणीची खोली म्हणजे जाड दाराची, आतून मऊ अस्तर लावलेली एक लहान पेटीच होती. दार लागले आणि शहर नाहीसे झाले. त्या शांततेत मला माझा श्वास आणि मानेत उडणारी नाडी ऐकू आली. हातात एक बटण होते. कितीही बारीक आवाज ऐकू आला तरी ते दाबायचे होते. आधी जाडे, घुमणारे सूर आले, ते मी सहज ओळखले. मग सूर चढत गेले, आणि एका टप्प्यानंतर काचेपलीकडच्या ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) मुलीचा हात हलताना मला दिसत होता, पण कानात काहीच येत नव्हते. मी आवाजाची वाट पाहत बसले होते आणि आवाज तर चालूच होता, ही जाणीव त्या खोलीत मला झाली आणि माझे डोळे भरून आले. नंतर कानामागच्या हाडावर एक लहानशी कंप पावणारी डबी बसवून तीच चाचणी पुन्हा झाली. हवेतून आणि हाडातून येणारे आवाज सारखेच कमी ऐकू येत असतील, तर दोष पडद्यात किंवा पडद्यामागच्या हाडांत नसून आतल्या कानात असतो. माझे तसेच निघाले.

चाचणीचा आलेख हाती आला. उजव्या कानाची लाल वर्तुळे, डाव्या कानाच्या निळ्या फुल्या, आणि दोन्ही रेषा डावीकडून उजवीकडे घाट उतरावा तशा उतरत गेलेल्या होत्या. हर्ट्झ म्हणजे सुराच्या उंचीचे माप आणि डेसिबल म्हणजे तो सूर ऐकू येण्यासाठी किती मोठा करावा लागला त्याचे; डेसिबलचा आकडा जितका मोठा, तितके ऐकणे कमी. 250 आणि 500 हर्ट्झला 20 ते 25 डेसिबल, म्हणजे जवळजवळ ठीक. 2000 हर्ट्झला 45. 4000 ला 60. 8000 ला 70. त्या ऑडिओलॉजिस्ट ताईंनी टेबलावरचा कानाचा प्लास्टिकचा नमुना उघडून मला जे समजावले, ते मी त्याच दिवशी घरी येऊन वहीत उतरवले. नंतर त्यावर बरेच वाचलेही.

कानाच्या पडद्यावर हवेच्या लहरी आदळतात, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. पण त्यापुढची अडचण अशी की, खरे ऐकण्याचे काम जेथे होते त्या आतल्या कानात हवा नसून द्रव असतो, आणि हवेतला आवाज थेट द्रवावर पडला तर तो जवळजवळ सगळा परत फिरतो. विहिरीच्या काठावर बोललेले पाण्यात बुडी मारलेल्याला ऐकू येत नाही, ते याच कारणाने. म्हणून मध्ये हातोडी, ऐरण आणि रिकीब अशी तीन हाडे आहेत. त्यांतील रिकीब हे शरीरातील सर्वांत लहान हाड असून त्याची उंची सुमारे 3 मिलिमीटर भरते. पडद्याच्या कंप पावणाऱ्या भागाचे क्षेत्रफळ रिकिबीच्या तळव्यापेक्षा सुमारे 17 पट मोठे असते. तेवढ्या मोठ्या पृष्ठभागावरचा दाब त्या चिमुकल्या तळव्यावर एकवटतो आणि द्रवाला हलवण्याइतका जोर त्यात येतो.

तेथून पुढे कॉक्लिया. ही गोगलगायीच्या शंखासारखी, अडीच-पावणेतीन वेढ्यांची नळी असते आणि ती उलगडली तर जेमतेम 35 मिलिमीटर भरते. तिच्या आत एक पट्टी ताणलेली असते, आणि प्रत्येक सुराची त्या पट्टीवर स्वतःची जागा असते. उंच सूर प्रवेशद्वाराजवळ, जाडे सूर शंखाच्या टोकाशी. पट्टीवरून लाट कशी धावते आणि आपापल्या जागी कशी उसळते, हे शोधून काढणारे गेओर्ग फॉन बेकेशी हे मूळचे हंगेरीच्या टेलिफोन यंत्रणेच्या प्रयोगशाळेत काम करणारे संशोधक होते, आणि त्यांना या शोधासाठी 1961 चे नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या टेलिफोनवर मला नावे कळत नव्हती, त्याच टेलिफोनच्या अभ्यासातून कानाचे हे ज्ञान निघाले, हे वाचून मला फार जवळचे वाटले. आपला जुना टेलिफोन सुमारे 300 ते 3400 हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातले आवाज पोहोचवत असे. 'स'चा बराचसा भाग त्याच्या वर राहतो. म्हणजे माझ्या कानांनी आधीच गाळलेली अक्षरे टेलिफोनही गाळत होता.

त्या पट्टीवर केशपेशी असतात. प्रत्येक कानात आतल्या रांगेत सुमारे 3500 आणि बाहेरच्या रांगांत सुमारे 12000. आतल्या पेशी मेंदूकडे संदेश पाठवतात. बाहेरच्या पेशींचे काम मला सर्वांत विलक्षण वाटते. त्या स्वतः आखडतात आणि लांबतात, आणि तसे करून बारीक आवाजांची लाट वाढवतात, म्हणजे जन्मापासून आपल्या कानात एक यंत्र बसवलेलेच असते. वयाने, मोठ्या आवाजाने किंवा काही औषधांनी या पेशी मेल्या की माणसात त्या पुन्हा येत नाहीत. कोंबडीच्या कानात त्या पुन्हा येतात. माणसाला ती देणगी मिळालेली नाही. बाहेरच्या पेशी गेल्या की बारीक आवाज ऐकू येत नाहीत, पण मोठा आवाज पूर्वीइतकाच मोठा लागतो, कारण त्याला वाढवण्याची गरज मुळातच नव्हती. ऐकू येणे आणि असह्य होणे यांच्यातील अंतर आक्रसते. "मोठ्याने बोल" आणि "ओरडू नकोस" यांचा उलगडा हाच होता. मी तो मुलाला सांगितला तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला.

उतरत्या रेषेचा अर्थही मला माझ्या व्यवसायामुळे लवकर कळला. 'आ', 'ओ', 'उ' हे स्वर जाड्या सुरांच्या भागात असतात आणि त्यांत जोर असतो. 'स', 'श', 'त', 'ख', 'फ' ही व्यंजने उंच सुरांत आणि अगदी क्षीण असतात. स्वरांनी आवाज मोठा वाटतो, व्यंजनांनी शब्द कळतो. काच, काठ, कात, खाट, गाठ या शब्दांत मला 'आ' पुरेपूर ऐकू येत होता आणि उरलेले मी अंदाजाने भरत होते. प्रुफात टाइप तुटलेला असला की वाचक संदर्भाने अक्षर भरतो, तसेच. दिवसभर असा अंदाज बांधत राहिल्याने संध्याकाळी डोके जड होत असे, त्याचेही कारण मला तेथे मिळाले.

यंत्र मी पुढे एका खाजगी चिकित्सालयातून घेतले. तेथील ऑडिओलॉजिस्ट भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीकृत आहेत ना, हे आधी पाहिले. उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्यांना सरकारी योजनेतून यंत्रे मिळतात. मी त्या अटीत बसत नव्हते. यंत्र कानामागे बसणारे आणि त्याची बारीक तार नळीत जाणारी, अशा प्रकारचे निवडले. तारेच्या टोकाशी जो इवलासा स्पीकर असतो त्याला रिसीव्हर म्हणतात. दोन्ही कानांसाठी घ्या, असा त्यांचा आग्रह होता आणि मी खर्चामुळे कां-कू करत होते. त्यांनी सांगितले की, आवाज कोणत्या दिशेने आला हे मेंदू दोन कानांपर्यंत तो पोहोचण्यातील फरकावरून ओळखतो, आणि तो फरक जास्तीत जास्त एका सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी असतो. गोखले रोड ओलांडताना टॅक्सी डावीकडून येते आहे की उजवीकडून, हे मला गेले वर्षभर कळत नव्हते. मी दोन्ही घेतली. जोडीला 84000 रुपये पडले.

यंत्र बसवताना कानात पडद्याच्या जवळपर्यंत एक केसासारखी मऊ नळी सोडून, यंत्राचा आवाज प्रत्यक्ष माझ्या कानात किती पोहोचतो हे त्यांनी मोजले आणि आलेखानुसार जुळवले. दुकानात हे काहीच झाले नव्हते. माझ्या मते यंत्र कोणत्या कंपनीचे आहे यापेक्षा ही मोजणी झाली की नाही, हे विचारणे अधिक गरजेचे आहे.

पहिले सहा आठवडे कठीण गेले. पंख्याचा, पिशवीचा, स्वतःच्या साडीचा आवाज. स्वयंपाकघरातील नळ म्हणजे धबधबा. मेंदूने वर्षानुवर्षे न ऐकलेले आवाज एकदम परत आले होते आणि त्यांतले कोणते सोडून द्यायचे हे तो विसरला होता. मी रोज सकाळी दोन तासांपासून सुरुवात करून वेळ वाढवत नेली, चार वेळा जाऊन यंत्र पुन्हा जुळवून घेतले, आणि फेब्रुवारी 2018 मध्ये शब्दचाचणीत 25 पैकी 22 शब्द बरोबर सांगितले. त्याच आठवड्यात नातीने मला शाळेतल्या भांडणाची हकीकत सांगितली आणि मी तिला मध्ये दोन प्रश्न विचारले.

आता टिकण्याविषयी. यंत्र साधारण पाच वर्षे चालते, असे मला घेतानाच सांगितले होते. कोणाचे तीन वर्षांत जाते, कोणाचे सात वर्षे चालते. तेव्हा ते मला फार कमी वाटले होते. आमच्या आत्याच्या यजमानांकडे खिशात ठेवायची तारेची डबी होती, ती तर बारा वर्षे चालली होती. पण ती डबी खिशात असे. माझे यंत्र दिवसाचे तेरा-चौदा तास कानामागच्या घामात, केसांच्या तेलात असते आणि त्याचे टोक कानातील मळात असते. इतक्या वाईट जागी दुसरे कोणते विजेचे उपकरण आपण वापरतो, हे मला आठवून सापडलेले नाही. त्यात मुंबई. जुलै-ऑगस्टमध्ये येथील हवेतील आर्द्रता 85 टक्क्यांच्या आसपास राहते आणि वाऱ्याला समुद्राचा खारटपणा असतो.

यंत्र एकदम मरत नाही, त्याचे भाग एकेक करून जातात. सर्वांत आधी रिसीव्हरच्या तोंडावरची मळ अडवणारी जाळी बुजते. यंत्र 'बंद पडले' असे जेव्हा जेव्हा वाटते, त्यांतील निम्म्या वेळा फक्त तीच बुजलेली असते, असा माझा अनुभव आहे. ती घरी बदलता येते. एक बारीक काडी मिळते, तिच्या एका टोकाने जुनी जाळी ओढून काढायची आणि दुसऱ्या टोकावरची नवी दाबून बसवायची. त्यानंतर मायक्रोफोनची भोके, मग सेलच्या झाकणाची बिजागरी, मग तार, मग रिसीव्हर. माझा डावा रिसीव्हर 2021 मध्ये गेला आणि 6500 रुपयांत बदलून मिळाला. त्याआधीच्या वर्षी मास्कमुळे वेगळाच घोटाळा झाला होता. मास्कचे इलॅस्टिक आणि यंत्र दोन्ही कानामागेच. रानडे रोडवर मास्क काढला आणि यंत्र उडून फळांच्या हातगाडीखाली गेले. गाडीवाल्या दादांनी गाडी हलवून ते शोधून दिले. पुढे मी मागे बांधायचे मास्क शिवून घेतले.

माझे सेल तपकिरी पट्टीचे, 312 क्रमांकाचे होते. हे सेल हवेवर चालतात. मागची पट्टी काढली की भोकांतून हवा आत शिरते आणि काम सुरू होते, म्हणून पट्टी काढून मिनिटभर थांबून मगच सेल बसवायचा. पट्टी परत चिकटवून सेल वाचवता येत नाही. मी प्रत्येक सेलची तारीख वहीत लिहीत असे, सरासरी सहा दिवस भरत. रात्री यंत्रे ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत ठेवायची, पण सेल बाहेर काढून, कारण ती कोरडी हवा सेललाही सुकवते. डबीतील केशरी दाणे हिरवट पडले की ते बदलायचे. हे सर्व मी साडेसहा वर्षे जवळजवळ न चुकता केले. 'जवळजवळ' म्हटले, कारण 2024 च्या जूनमध्ये मी आजारी होते आणि तीन आठवडे डबीकडे कोणी पाहिले नाही.

जुलैमध्ये यंत्र बंद पडले त्या संध्याकाळी मी माझे प्रुफांचे जुने भिंग काढले. सहा पॉइंटाचा टाइप तपासण्यासाठी वापरत असे, ते. खिडकीशी बसून सेलचे झाकण उघडले आणि भिंगाखाली धरले. सेलला टेकणाऱ्या दोन पत्र्यांपैकी एका पत्रीच्या कडेला हिरवा थर धरलेला होता, आणि त्याच्या मुळाशी मिठाच्या कणाएवढे पांढरे दाणे. कापसाच्या काडीने ते पुसले, तर त्यांच्याखालची पत्री खरवडल्यासारखी झिजलेली दिसली. घाम आणि दमट हवा आत शिरण्याची वाट ते झाकणच होते. दिवसातून निदान एकदा मी ते उघडत होते, म्हणजे साडेसहा वर्षांत दोन हजारांहून अधिक वेळा.

चिकित्सालयात त्यांनी दोन्ही यंत्रे तपासली. उजव्याचा आतला भाग आणि रिसीव्हर बदलावा लागणार होता, डाव्याचा मायक्रोफोन. खर्च 14000 रुपये आणि दुरुस्तीची हमी सहा महिने. माझे मॉडेल कंपनीने बंद केलेले असून सुटे भाग आणखी फार काळ मिळणार नव्हते. त्यांनी कोणताही आग्रह न करता आधी कान तपासायला सांगितले, आणि मला वाटते की हाच क्रम योग्य आहे, कारण प्रश्न केवळ यंत्राचा नसतो. नव्या आलेखात 2000 हर्ट्झला 45 चे 55 झाले होते आणि 4000 ला 60 चे 70. डेसिबलच्या मापात 10 ची वाढ म्हणजे आवाजाची ऊर्जा दहापट लागणे. जुन्या रिसीव्हरची ताकद उंच सुरांत आता अपुरी पडू लागली होती. यंत्र दुरुस्त होऊनही माझ्या कानांना ते पुरले नसते.

तरीही मी लगेच हो म्हटले नाही. घरी येऊन वहीवरून हिशेब केला. यंत्रांचे 84000, सहा सेलचे पाकीट 225 रुपयांप्रमाणे वर्षाला वीस पाकिटे, म्हणजे साडेसहा वर्षांत सुमारे 29250, आणि रिसीव्हरचे 6500. एकूण सुमारे 120000 रुपये, आणि दिवस सुमारे 2400. रोजचे 50 रुपये. मुलाला आकडा दाखवला तेव्हा तो म्हणाला, "आई, एवढ्यात दोन वडापावही येत नाहीत." येतात, पण त्याचे म्हणणे मला पटले.

नवी जोडी सप्टेंबर 2024 मध्ये घेतली. या वेळी सेलऐवजी चार्ज होणारी घ्यायची का, यावर मी बराच विचार केला. आत बसवलेली लिथियम बॅटरी रोजच्या चार्जिंगने चार-पाच वर्षांत क्षीण होते आणि ती घरी बदलता येत नाही, कंपनीकडेच पाठवावी लागते. सेलच्या यंत्राला ही अडचण नाही. परंतु चार्ज होणाऱ्या यंत्राला झाकणच नसते, आणि माझे पहिले यंत्र झाकणातून शिरलेल्या ओलीनेच गेले होते. शिवाय माझ्या अंगठ्याचा सांधा दुखतो आणि 312 चा सेल डाळीच्या दाण्यापेक्षा फारसा मोठा नसतो. मी चार्ज होणारी घेतली. गावी गुहागरला वीज जाते, म्हणून तेथे जाताना पॉवर बँक नेते. कोरड्या हवेच्या प्रदेशात राहणाऱ्या आणि बोटे धड असलेल्या व्यक्तीने कदाचित वेगळा निर्णय घ्यावा.

जुळवाजुळव या वेळी दोन भेटींत झाली, कारण मेंदूला सवय होती. दोन जोड्यांच्या मधले सात आठवडे मी खरखरणाऱ्या एका डाव्या यंत्रावर काढले होते. तेवढ्या अवधीतही उजव्या कानाने शब्द सोडायला सुरुवात केली होती आणि तो परत वळणावर यायला महिना लागला. म्हणून जुन्या डाव्या यंत्राचा मायक्रोफोन मी वेगळे पैसे देऊन बदलून घेतला आहे. नवे यंत्र कधी दुरुस्तीला गेले तर तोवर ते चालेल. ते सेल काढून सिलिकाच्या डबीत ठेवलेले आहे, आणि दर महिन्याच्या एक तारखेला मी त्यात सेल घालून ते अर्धा तास लावून पाहते.

नात आता मोठी झाली आहे. ती परीक्षेच्या आधी मराठीचे धडे मोठ्याने वाचते आणि मी समोर पुस्तक धरून बसते. परवा तिने 'विषय' हा शब्द 'विशय' असा वाचला आणि मी तिला थांबवले. ती म्हणाली, "आजी, सगळे असेच म्हणतात." उच्चारातला हा फरक हल्ली बहुतेकांच्या तोंडून गेलेला आहे हे खरे आहे, आणि तिने 'श'च म्हटला होता की 'ष', हे मी पुस्तकाकडे न पाहता, नुसत्या कानांनी ओळखले होते.